कंपवात आणि सकाळची चक्कर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ह्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन अकरा वर्षं झाली. पहिली काही वर्षं हाताची थरथर आणि मंदावलेली चाल यांतच गेली. मग एका पावसाळ्यात पहाटे माजघरातून न्हाणीकडे जाताना हे उंबरठ्यावरच कोसळले आणि कपाळाला चार टाके पडले. तेव्हापासून सकाळचा पहिला अर्धा तास हा आमच्या घरातला सगळ्यात जपायचा वेळ झाला आहे. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. आसपासच्या गावांत असे आजारी आणखी आहेत, त्यांच्या घरची माणसं फोन करून जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल लिहिलंय ते डॉक्टरांशी बोलताना तुमच्या हाताशी असावं म्हणून. त्यावरून गोळी स्वतः वाढवू नका, स्वतः बंदही करू नका.

कंपवात म्हणजे हात थरथरणं. त्याचा चक्करशी काय संबंध?

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं ते थरथरीवरून, आणि लोकांच्या डोक्यात आजही थरथरच बसली आहे. पण हा आजार फक्त हातापायांच्या हालचालीचा नाही. आपण न सांगता शरीर जी कामं करत असतं, म्हणजे घाम, पचन, लघवी आणि बीपी सांभाळणं, त्यांच्या नसाही यात दुबळ्या होतात.

आपण आडवे असतो तेव्हा रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. उभं राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. निरोगी माणसात त्याच क्षणी नसा रक्तवाहिन्यांना आवळायला सांगतात. हा निरोप नॉरॲड्रेनलिन नावाच्या द्रव्यातून जातो. कंपवातात हा निरोपच नीट पोचत नाही, रक्त खाली राहतं, मेंदूला कमी मिळतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

आमच्या ह्यांनी हे बागेतल्या पंपावरून समजून घेतलं. विहिरीतल्या पाइपाचा फूटव्हॉल्व गळका असला की रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरतं. सकाळी बटण दाबलं तर पंप नुसता फिरतो, पाणी काही वर येत नाही. "माझो फूटव्हॉल्व गेलो," असं हे डॉक्टरांना म्हणाले, आणि डॉक्टरांनी मान डोलावली. कंपवाताच्या साधारण दर तिघांपैकी एकाला बीपी असं उतरण्याचा त्रास होतो.

यांना गरगरत नाही, नुसतं "कसंतरी होतं" म्हणतात. ही चक्करच का?

बहुतेक वेळा हीच ती. आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो, पण डॉक्टरांना त्यातला फरक सांगता आला पाहिजे. घर फिरल्यासारखं, गरगरल्यासारखं वाटतं का? तेही अंथरुणात कूस बदलताना, काही सेकंदच? मग तो बहुधा कानाच्या आतल्या कणांचा त्रास असतो. जाणकार डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने वळवून तो बरा करतात. कंपवाताच्या माणसालाही तो होऊ शकतो.

बीपी उतरण्याची चक्कर वेगळी. उभं राहिल्यावर डोकं हलकं होतं, समोरचं अंधुक दिसतं, पायांतलं बळ जातं, आणि बसलं किंवा आडवं झालं की बरं वाटतं. काहींना चक्कर जाणवतच नाही, नुसती मान आणि दोन्ही खांदे दुखतात, शर्ट अडकवायच्या हँगरसारख्या पट्ट्यात. आम्ही वर्षभर त्याला मणक्याचा त्रास समजून तेल चोळत होतो. काहींना जांभया येतात, बोलणं सुचत नाही, माणूस गप्प होतो. घरच्यांना वाटतं, विसरायला लागले.

तिसरा प्रकार म्हणजे डोकं स्वच्छ असतं, पण तोल जातो. रात्रीच्या गोळीचा अंमल संपलेला असतो, अंग आखडलेलं असतं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. यात बीपीचा दोष नाही, आणि त्यावरचा उपायही वेगळा आहे.

सकाळीच का होतं? दुपारी तर चांगले चालतात.

कारण रात्रीत दडलेलं आहे. या नसा बिघडल्या की उभं असताना बीपी उतरतं, पण आडवं झाल्यावर पुष्कळदा ते उलट चढतं. चढलेल्या बीपीमुळे मूत्रपिंडं रात्रभर पाणी आणि मीठ बाहेर टाकत राहतात. म्हणून तीन-तीन, चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं. पहाटेपर्यंत अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, वर सात-आठ तास काही प्यायलेलं नसतं. अशा वेळी माणूस एकदम उठून उभा राहतो.

घरी कसं ओळखायचं? दवाखान्यात बीपी नॉर्मल येतं.

दवाखान्यात ते बसवून मोजतात, म्हणून सापडत नाही. आडवं आणि उभं, दोन्ही मोजायला हवं. दंडाला पट्टा लावायचं साधं डिजिटल मशीन पुरे. सकाळी उठायच्या आधी, पाच मिनिटं शांत आडवं असताना एकदा मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. शेजारी एक माणूस आणि मागे खुर्ची हवीच. जास्तच अंधारी आली तर आकड्याची वाट न बघता बसवा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर बीपी उतरतंय असं डॉक्टर धरतात.

आमची पहिली नोंद अशी होती: आडवं असताना 158/88, एका मिनिटाला 118/72, तिसऱ्या मिनिटाला 104/66. नाडीही लिहा. बीपी उतरलं की एरवी नाडी चांगलीच वाढते. ती जेमतेम वाढली तर नसांकडे संशय जातो. थरथरणाऱ्या हातावर मशीन चुकीचं दाखवतं किंवा एरर देतं, म्हणून कमी थरथरणारा हात घ्या आणि दंड छातीच्या उंचीला उशीवर टेकवा.

मशीन नसेल तर गावातल्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारा. मात्र "झोपवून आणि उभं करून" हे आवर्जून सांगा.

मेडिकलमधून चक्करची गोळी आणून दिली तर चालेल?

नाही. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

चक्कर म्हटलं की दुकानात सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांपैकी काहीतरी हातात पडतं. ही औषधं मेंदूतलं डोपामिनचं, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या द्रव्याचं, काम अडवतात. आणि कंपवातात कमतरता असते ती डोपामिनचीच. त्यामुळे अंग जास्त आखडतं, थरथर वाढते. ज्यांना आजार नाही अशा म्हाताऱ्या माणसांतही ही औषधं कंपवातासारखी लक्षणं आणू शकतात. उलटी-मळमळीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडही त्यातलंच. शिवाय ही गोळी कानाच्या चक्करसाठी, उतरणाऱ्या बीपीला तिचा उपयोगच नाही.

ह्यांना एका दवाखान्यात अशी गोळी लिहून दिली होती, आणि मी विश्वासाने दोन महिने दिली. त्या दोन महिन्यांत ह्यांना शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली. मला वाटलं आजार पुढे सरकला. गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांनी हात सुधारला. म्हणून आता कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं की पहिलं वाक्य हेच असतं: "यांना पार्किन्सन्स आहे, चालेल अशीच गोळी द्या."

मग बीपीची गोळी चालू आहे तिचं काय?

वीस वर्षांपूर्वी बीपी जास्त होतं म्हणून चालू झालेली गोळी तशीच चालू असते. दरम्यान आजाराने बीपी उतरायला लागलेलं असतं. सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून काढा. बीपीची, लघवी वाढवणारी, प्रोस्टेटची (टॅमसुलोसिनसारखी), झोपेची, मन शांत राहण्याची, शिवाय आयुर्वेदिक आणि पुड्यासुद्धा. यांतल्या कितीतरी बीपी उतरवतात. कुठली कमी करायची, कुठली रात्री न्यायची, हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना सगळी यादी एकत्र दिसली पाहिजे.

कंपवाताच्या गोळ्याही बीपी थोडं उतरवतात, लेव्होडोपा ही या आजारावरची मुख्य गोळीसुद्धा. काहींचा निष्कर्ष निघतो की सकाळची गोळीच नको. असं अजिबात करू नका. या गोळ्या एकदम थांबवल्या तर अंग लाकडासारखं होऊन ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं.

अंथरुणातून उठायचं कसं? नेमकं सांगा.

नेमकंच सांगते, कारण "सावकाश उठा" म्हटल्याने काहीच कळत नाही.

डोळे उघडले की आडव्यानेच पावलं वर-खाली करायची, वीस-तीस वेळा. पोटऱ्या आवळल्या की खालचं रक्त वर ढकललं जातं. मग मुठी घट्ट आवळून सोडायच्या. त्यानंतर कुशीवर वळून, हाताच्या टेकूने पाय पलंगाखाली सोडून बसायचं. इथे पूर्ण दोन-तीन मिनिटं थांबायचं. आमच्याकडे समोरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आहे, कारण कंपवाताच्या माणसाला वेळेचा अंदाज येत नाही आणि जोडीदाराला धीर निघत नाही. बसल्या बसल्या टाचा उचलायच्या. मगच उभं राहायचं, पलंगाला धरून, आणि लगेच पाऊल टाकायचं नाही. डोळ्यांपुढे स्वच्छ आहे ना, हे मोठ्याने बोलून सांगायचं. हे "साफ आसा" म्हणतात, तेव्हा मी बाजूला होते.

उभं असताना अंधारी यायला लागली तर पायांची आढी घालून मांड्या आणि ढुंगण आवळायचं. अर्थात आढी तोल सांभाळता येणाऱ्यानेच, आणि काहीतरी धरून. नाहीतर सरळ खाली बसायचं. बसायला लाजू नये, मग ते देऊळ असो की एसटी स्टँड.

उठायच्या आधी पाणी प्यायचं म्हणतात ते खरं का?

खरं आहे, आणि इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. साधं पाणी, साधारण 400 ते 500 मिली, म्हणजे घरातले मोठे दोन पेले, तीन-चार मिनिटांत प्यायचे. घोट घोट तासभर नव्हे. पाच-दहा मिनिटांत बीपी वर यायला लागतं, अर्ध्या तासाच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि मग तासाभरात उतरत जातं. पंपात वरून पाणी ओतून तो चालू करतात, तसंच हे. सकाळची लेव्होडोपाची गोळीही याच पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी जाते.

दोन गोष्टी सांभाळा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती पाणी चालेल ते आधी विचारा. आणि गिळताना ठसका लागत असेल तर आडव्याने तर नाहीच, घाईनेही पाजू नका. आधी बसवायचं, हनुवटी किंचित खाली ठेवायची, घोट लहान घ्यायचे. पाण्याचा तांब्या आदल्या रात्रीच पलंगाजवळ भरून ठेवा, नाहीतर पाण्यासाठीच माणूस उठतो आणि पडतो.

पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची ती कशी? दोन उशा पुरतील?

उशांनी मान वाकते, धड आडवंच राहतं. अख्खा पलंगच तिरका व्हायला हवा, डोक्याकडून सहा ते नऊ इंच. आम्ही आधी दोन चिरे ठेवले होते, पण चिऱ्यावरून पलंगाचा पाय घसरत होता. मग गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले. पलंगाचा पाय नेमका बसेल अशी वर अंगठाभर खोल खाच, आणि खाली रबराचा तुकडा ठोकलेला. चार वर्षं झाली, हलले नाहीत. माणूस रात्री खाली सरकतो, म्हणून गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी.

यामुळे रात्री आडव्याने चढणारं बीपी कमी चढतं, लघवी कमी होते आणि सकाळी अंगात पाणी शिल्लक राहतं. पहिले आठ दिवस हे वैतागले होते. नंतर रात्रीच्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, आणि मग वैताग गेला.

त्या दोन फेऱ्यांसाठीही न्हाणीपर्यंत जायची गरज नाही. पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवा आणि पुरुषांनीही बसूनच करा. उभं राहून लघवी करताना बीपी आणखी उतरतं.

नाश्त्याला काय द्यायचं?

आमची पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला पापड. पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जातं, प्रथिनं फार नसल्याने लेव्होडोपाच्या आड येत नाही. फक्त वाफाळती देऊ नका, कोमट द्या, आणि वाडगाभरच. गरम आणि भरपेट खाल्लं की रक्त पोटाकडे धावतं आणि अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत बीपी पुन्हा उतरू शकतं. चार घावणे एकदम देण्यापेक्षा दोन आत्ता, दोन दहा वाजता. खाऊन झाल्यावर लगेच मागील दारी जायला उठू देऊ नका. मासे, अंडी, डाळ हे सगळं खायचंच आहे, पण गोळीपासून अंतर ठेवून.

चहा-कॉफी सकाळी चालते, थोडी मदतही करते. संध्याकाळी नको. दारू या त्रासात बीपी हमखास उतरवते.

मीठ वाढवायचं का?

डॉक्टर म्हणाले तरच. ह्यांना सांगितलंय, म्हणून सुकट आणि खारवलेली मिरची ताटात परत आली. पण हृदय, मूत्रपिंड किंवा रात्रीचं चढणारं बीपी यांवरून कुणाला हेच मीठ महागात पडेल.

आंघोळ आणि संडास?

आंघोळ उठल्या उठल्या नको. नाश्त्यानंतर दोन तास उलटल्यावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, कोमट पाण्याने. हंड्यातल्या कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. न्हाणीला आतून कडी लावायची नाही. आमच्याकडे कडीच काढून टाकली आणि दारावर पंचा टाकला की आत कुणी आहे असं समजायचं. उकिडवं बसून उठणं ही सगळ्यात वाईट हालचाल, म्हणून कमोड किंवा कमोडची खुर्ची. आणि कुंथू नये. कंपवातात बद्धकोष्ठ असतंच, त्यावर इसबगोल, पाणी, भाज्या आणि गरज पडली तर डॉक्टरांचं औषध.

पायमोजे आणि पोटपट्टा?

घट्ट मोजे मांडीपर्यंतचे असले तरच काही उपयोग, आणि कोकणच्या मे महिन्यात ते कोण घालणार? पोटाचा पट्टा घालायला सोपा, उपयोगही चांगला. आडव्यानेच बांधायचा, रात्री झोपताना काढायचा.

औषध नाहीच का यावर?

आहेत. मिडोड्रिन रक्तवाहिन्या आवळतं. ते दिवसाच घ्यायचं, शेवटची गोळी आडवं होण्याच्या निदान चार तास आधी, नाहीतर रात्रीचं बीपी फार चढतं. डोक्याच्या कातडीला मुंग्या आल्या, काटा उभा राहिला तर घाबरू नका, ते त्याचंच काम. फ्लुड्रोकॉर्टिझोन मीठ-पाणी धरून ठेवतं, पण पाय सुजतात का आणि पोटॅशियम उतरतंय का हे बघावं लागतं. वरचे साधे उपाय नीट केल्याशिवाय डॉक्टर शक्यतो इथवर येत नाहीत.

बेशुद्ध पडले तर काय करायचं?

जिथे पडले तिथेच सपाट आडवं ठेवा आणि पाय उचलून खुर्चीवर किंवा पाटावर ठेवा. चार माणसं मिळून उठवून बसवतात, ती मोठी चूक. बसवलं की मेंदूला मिळायला लागलेलं रक्त पुन्हा उतरतं. तोंडात पाणी ओतू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. साधी भोवळ असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध येते. ती आली नाही, डोक्याला मार लागला, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना पडले, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा शौच काळं झालं, तर 108 ला फोन करा. तो आजाराचा भाग म्हणून सोडून देऊ नका.

शेजारची माणसं म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे.

आमच्याकडेही म्हणाली. आम्ही देवळात गाऱ्हाणं घातलं, आणि त्याच दिवशी आडवं-उभं बीपीही मोजलं. देवाकडे जाऊ नका असं मी कुणालाच सांगणार नाही. पण महिनाभर फक्त गाऱ्हाण्यावर थांबलात आणि मधल्या काळात मांडीचं हाड मोडलं, तर ते माणूस पुन्हा उभं राहणं फार कठीण असतं.

उन्हाळा आणि गणपती कसे निभावायचे?

एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घामाने पाणी जातं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे चक्कर वाढते. सकाळी नऊनंतर बागेत पाठवू नका. कोकमाचं सरबत मीठ घालून द्या. पावसात खळ्यातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यावर फिरवलेली ब्लीचिंग पावडर आणि पायऱ्यांना लावलेला नारळाचा जाड काथ्या आमच्या उपयोगी पडला.

गणपतीत मुंबईहून सगळे येतात, आरत्या तासभर चालतात. ह्यांनी शाळेत तीस वर्षं उभं राहून शिकवलं, देवापुढे बसणं त्यांना जड जात होतं. पहिल्या वर्षी पुतण्या काही न बोलता खुर्ची घेऊन आला, काकांच्या हातात झांजा दिल्या आणि म्हणाला, "काका, ताल तुम्हीच धरा." तेव्हापासून त्यांची जागा ती आहे.

मेंदूचे डॉक्टर कोल्हापूरला नाहीतर गोव्यात. दर महिन्याला कसं जाणार?

जायची गरज नसते, पण जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. सात दिवसांची वही न्या: आडवं बीपी, उभं बीपी, गोळीची वेळ, जेवणाची वेळ, चक्कर कधी आली. आमच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळीची वेळ बदलली ती ही वही बघून. मधल्या काळात ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचं कामही मराठीतून चालतं, त्यांच्याशी बोलून मला फार बळ आलं.

आजाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच बीपी फार उतरत असेल, लघवीवर ताबा जात असेल आणि लेव्होडोपाने फारसा फरक पडत नसेल, तर हा साधा कंपवात नसून मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी तर नाही ना, असं स्पष्ट विचारा. त्या आजाराची वाट वेगळी असते.

तुमच्याकडे आता सकाळ कशी असते?

पावणेसहाला मी उठते, चूल किंवा गॅस नंतर, आधी ह्यांच्याकडे. त्यांना टेकून बसवून पाण्याचे दोन पेले आणि गोळी. मग ते पुन्हा टेकतात आणि पावलं हलवायला लागतात, पलंग किंचित कुरकुरतो, तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो. आवाज थांबला की मी जाते. पट्टा बांधते. ते बसतात, घड्याळाकडे बघतात, मी शेजारी बसते. या तीन मिनिटांत आम्ही काल कलमांना पाणी कुणी घातलं, लेकीचा फोन आला का, असलं काहीबाही बोलतो. ते उभे राहतात, पलंगाची दांडी धरतात, आणि मी वाट बघते त्यांच्या "साफ आसा"ची.